पूल बंद करायचा रविवार

कराडहून मी अमेरिकेला निघालो तेव्हा आईने दारात हातावर दही घातलं आणि म्हणाली, "शिकून झालं की घरी ये." मी हो म्हणालो. ॲन आर्बरला शिकलो, डेट्रॉइटजवळ ट्रॉयला नोकरीला लागलो आणि परत गेलो नाही.

पंच्याऐंशी साली वडील गेले. पुढच्या उन्हाळ्यात मी आईला ट्रॉयला आणलं. कायमचं, असं गावात सगळ्यांना सांगूनही टाकलं.

ऑक्टोबरातल्या एका रविवारी मी मागचा स्विमिंग पूल हिवाळ्यासाठी बंद करत होतो. झाकण घालायच्या आधी पाणी नीट करून ठेवावं लागतं, नाहीतर मे महिन्यात खाली हिरवा चिखल मिळतो. छोट्या नळीत पाणी घेऊन मी त्यात औषधाचे थेंब टाकत होतो, रंग पट्टीशी ताडून बघत होतो. आई शालीवर माझं जाकीट चढवून खुर्चीत बसली होती.

"पाण्याला एवढी औषधं, आणि पोहतंय कोण?"

"आजी, इट्स फ्रीझिंग," माझा मुलगा समीर आतून म्हणाला.

"याच्या बोलण्यातलं 'आजी' एवढंच मला कळतं," आई म्हणाली. मग त्याच सुरात, "माझं तिकीट काढ. मी जाते आता."

"तिथं एकटी काय करशील?"

"इथं काय करते? तुम्ही सकाळी जाता, मी खिडकीत बसते. तिथं निदान शेजारची काकू भांडायला तरी येते."

मी 'राहा' म्हणालो. एकदाच. मग बादलीत क्लोरीन कालवून कडेकडेने ओतत गेलो. डोळे चुरचुरले, ते क्लोरीनने. तिकडे गावाकडे तुम्हाला वाटलं असेल, मुलगा कोलमडला असेल. खरं सांगतो, आत काहीच हललं नाही. फिल्टर रात्रभर चालू ठेवला आणि सोमवारी ऑफिसातून ट्रॅव्हल एजंटला फोन केला.

ट्रॉयच्या घराला आई नेहमी 'तुझ्याकडे' म्हणायची. 'घरी' म्हणजे कराड. मीही तसंच म्हणायचो, समीर इथे जन्मल्यावरसुद्धा. डेट्रॉइटच्या विमानतळावर तिने माझ्या कॉलरवरचा दोरा काढला आणि म्हणाली, "तू घरी जा आता. सूनबाई वाट बघत असेल."

मी गाडी काढली आणि ती म्हणाली तिथे गेलो. तेव्हापासून घर तेच. कराडला मी आता तिच्याकडे जातो.