हातभर सरकणारी कॉट

मी कॉलेजात इतिहास शिकवते आणि गेली काही वर्षं श्योंग्नूंवर पुस्तक लिहिते आहे. श्योंग्नू म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी चीनच्या उत्तर सीमेवर, अफाट गवताळ मुलखात राज्य करणारे मेंढपाळ घोडेस्वार. सांगलीच्या फ्लॅटमध्ये बसून त्यांच्यावर लिहिणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं, हे मला कुणी सांगायला नको. त्यात माझे वडील, आप्पा, जतकडचे धनगर. दिवाळी झाली की मेंढरं आणि बिऱ्हाड लादलेली घोडी घेऊन फलटणच्या बाजूला निघायचे, पावसाच्या तोंडावर माघारी. आई गेल्यावरही धाकट्या काकाला घेऊन जातच राहिले. त्यांची वाट कुठल्या गावांवरून जाते, हे मी कधी विचारलं नाही. श्योंग्नूंचे नकाशे मात्र भिंतीवर लावलेत.

यंदा थंडीत आप्पा फलटणजवळच्या एका शेतात कोसळले. उजवी बाजू गेली, वाचा एकदोन शब्दांवर आली. साताऱ्याच्या दवाखान्यात आठवा दिवस होता, तेव्हा काकाचा फोन आला. “एकट्याच्यानं न्हाई व्हायचं गं पोरी. काय करू, सांग.” मी म्हटलं, “विकून टाका.” टेम्पो आले, मेंढरं गेली. मला काहीच वाटलं नाही. वाटायला हवं होतं, एवढं कळत होतं. मी कँटीनमध्ये जाऊन इडली खाल्ली.

आप्पांना सांगलीला आणलं. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, “मेंढरं?”

“काकाकडं हायती. चरत्यात.”

मी घरात अशी बोलत नाही. पण खोटं बोलायला गावची भाषा बरी पडली.

मग कॉटचं सुरू झालं. रोज सकाळी चहा झाला की डाव्या हातानं खूण करायचे आणि म्हणायचे, “सरकव.” कॉट हातभर पुढं ढकलायची. मला वाटलं, पंख्याचा वारा लागत असेल. मग वाटलं ऊन हवंय, मग वाटलं टीव्ही दिसत नाही. विचारलं तर पुन्हा “सरकव.” एकदा मी वैतागून म्हटलं, “आवं आप्पा, ही काय बैलगाडी हाय का?” त्यांनी पुन्हा डाव्या हातानं खूण केली. कॉट खिडकीपासून स्वयंपाकघरापर्यंत गेली, तिथून वळून हॉलच्या मधोमध परत आली. जेवणाचं टेबल बेडरूममध्ये गेलं. डोक्यावर परिणाम झालाय असं मी ठरवून टाकलं आणि ढकलत राहिले.

त्याच दिवसांत मी शेवटचं प्रकरण लिहीत होते. वर्गातल्या पोरांना राज्य बुडायला लढाई लागते. इथं तशी लढाईच नाही. श्योंग्नूंचा शेवटचा राजा चिनी दरबारात भेटीला आला आणि त्याला तिथंच ठेवून घेतलं. मानाने. वर्षाला धान्य, रेशीम ठरवून दिलं. त्याच्या लोकांच्या पाच वाटण्या करून त्यांच्यावर देखरेखीला चिनी माणसं नेमली. मी हे लिहिलं आणि आप्पांच्या गोळ्या काढायला उठले.

तिसऱ्या आठवड्यात काका जोंधळ्याचं पीठ घेऊन आला. सोफ्यावर न बसता खाली टेकला. फरशीवर कॉटच्या पायांचे ओरखडे होते, हातभर अंतरावर एक, ओळीनं. त्यावरून त्यानं बोट फिरवलं.

“वाघर सरकवतोय गं त्यो,” तो हळूच म्हणाला.

हे मला माहीत होतं. लाज याचीच वाटते. हॉस्टेलला सुट्टी लागली की मी स्वतः वाघरीच्या खुंट्या उपटलेल्या आहेत. वाघर म्हणजे जाळी. शेतकऱ्याच्या मोकळ्या रानात तिच्या आत मेंढरं बसवायची, आणि सकाळी जाळी थोडी पुढं सरकवायची, म्हणजे लेंडीखत सगळ्या रानाला सारखं पडतं. एक पट्टा सुटता कामा नये. त्यावरच शेतकरी पुढच्या वर्षी बोलावतो. रान पुरं झालं की मुक्काम हलवायचा. आयुष्यभर केलेलं काम आप्पा माझ्या हॉलमध्ये करत होते, फरशी फरशी धरून, आणि मी त्यांना भ्रमिष्ट ठरवून मोकळी झाले होते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

काका गेला. हॉलचे तीन पट्टे उरले होते. मला भीती वाटायला लागली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा काहीतरी वाटलं, ते हे. पहिल्या दोन सकाळी मी कॉट मुद्दाम कमी ढकलली. त्यांनी दोन्ही वेळा डाव्या हातानं दाखवून अंतर पुरं करून घेतलं.

तिसऱ्या दिवशी कॉट बाहेरच्या दाराला टेकली. आप्पांनी मान वळवून सगळा हॉल या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितला.

“झालं रान,” म्हणाले. मग माझ्याकडं बघून, “आता म्होरं कुटं?”

भिंतीवरच्या नकाशात याचं उत्तर नव्हतं.

“आप्पा, मेंढरं न्हाईत. मी इकाय लावली.”

“समदी?”

“समदी.”

“घोडी?”

“ती बी.”

त्यांनी शिव्या द्यायला हव्या होत्या. मला त्या हव्याच होत्या. त्यांनी नुसतं तोंड दाराकडं केलं.

दुसऱ्या दिवशी चहा झाला. डाव्या हाताची खूण झाली नाही, म्हणून मीच कॉटला हात घातला. कुठल्या बाजूला ढकलायची, ते मला ठाऊक नव्हतं.

“ऱ्हाऊ दे,” आप्पा म्हणाले.

शेवटच्या प्रकरणातला ‘मानाने’ हा शब्द मी खोडला. कॉट अजून तिथंच आहे. दार निम्मंच उघडतं. कॉलेजला निघताना मी पर्स पोटाशी धरून तिरकी होते आणि बाहेर पडते.