आमचे माफिया
कॅन्टीनवाल्या मावशी हल्ली खाली मान घालून चहा देतात आणि मनातल्या मनात स्वतःलाच शिव्या घालतात. पूर्वी त्यांची जीभ म्हणजे, बाप रे! गिऱ्हाइकाला टोपणनाव दिल्याशिवाय कपात चहा पडत नसे.

त्यांचा धाकटा दीर शेजारच्याच गोदामात हमाल. तो आणि त्याचे तीन जोडीदार कायम एकत्र. ओझं जास्त वाटलं की चौघं सरळ खाली बसणार, मग व्यापारी कितीही आदळआपट करो. एकदा असेच छाती काढून डुलत आले, तशा मावशी ओरडल्या, "आले बाई आमचे माफिया! चहा द्या लवकर, नाहीतर बाकडी उचलून नेतील!" सगळे खो खो हसले आणि नाव चिकटलं ते चिकटलंच. भाऊजी तर एवढे खूश, की हातगाडीवर रंगवूनच घेतलं.

रोज येणारे निवृत्त मास्तर म्हणाले, "हा शब्द म्हणे दूरच्या एका बेटावरचा. आधी अर्थ होता ऐटबाज, कुणाला न जुमानणारा. गुंडांच्या टोळ्यांना तो नंतर लागला." मावशी भेटेल त्याला हेच सांगत सुटल्या.

मग गोदामातून साखरेची पोती चोरीला गेली. पोलिसांनी व्यापाऱ्याला विचारलं, संशय कुणावर? त्याला जुना राग काढायचाच होता. "इथं माफिया आहे ना, साहेब," तो म्हणाला. संध्याकाळी चौघांनाही उचललं.

धाकट्या जावेला घेऊन मावशी चौकीकडे धावल्या. वाटभर एकच घोकणं: साहेब, नाव मी ठेवलं, थट्टेत ठेवलं, मूळ अर्थ तर ऐटबाज. झडली का नाही मेली माझी जीभ!

साहेबांनी मान वर न करताच विचारलं, "यांना माफिया कोण म्हणतं?"

जाऊ आशेनं मावशींकडे बघू लागली. अख्ख्या बाजाराला पुरून उरणारी ती बाई, पण तिच्या मनात भलतंच आलं. नाव मी ठेवलं म्हटलं, तर मलाही आत टाकतील? कॅन्टीन बंद करतील?

"काय की," त्या पुटपुटल्या. "सगळेच म्हणतात."

"ऐकलंत?" साहेब शिपायाला म्हणाले. "घरची माणसंच सांगतायत. लिहून घ्या."

"अहो, तसं नाही, साहेब, ते नाव..."

"झालं तुमचं. निघा आता."

जावेनं धरलेला हात सोडला आणि ती एकटीच बाहेर चालू लागली.