लेपाआडचं इंजेक्शन

हे मी आजवर कोणाजवळ बोललेलं नाही. नवऱ्याजवळ नाही, लेकीजवळ नाही, आणि जिला सगळ्यांत आधी सांगायला हवं होतं त्या मंगलजवळ तर नाहीच. मंगल माझी धाकटी जाऊ. निमगाव केतकीत आमचे गोठे भिंतीला भिंत लागून आहेत. इतक्या जवळ राहून इतकी वर्षं गप्प बसता येतं — मलाच नवल वाटतं. तुम्हाला सांगताना वाक्यं सरळ येतील असं नाही. माझ्यावरच मी फार चिडलेली आहे.

आमच्या भागात मला 'कोरफडवाली अक्का' म्हणतात. गाईला दगडी झाली — म्हणजे कास सुजून घट्ट झाली, दुधात गुठळ्या आल्या — तर लगेच इंजेक्शनाकडे न धावता काय करायचं, हे मी बचत गटाच्या बायकांना शिकवते. कोरफड, हळद, चिमूटभर चुना एकत्र वाटायचं. कास धुवायची, सडातलं खराब दूध पुरतं पिळून काढायचं आणि लेप द्यायचा, दिवसातून दहा वेळा. डाळजला शिकवलं, काटेवाडीला शिकवलं. शाली मिळाल्या. त्यातली एक मी दिवाणावर अंथरली आहे, रोज तिच्यावर बसते.

इंजेक्शनांचं आमच्याकडे काय होऊन बसलंय, माहीत आहे ना? गाय जरा मलूल दिसली की सुई. बाटली दुकानात मागितली की मिळते, टोचायला घरचाच माणूस. औषध दिलेल्या गाईचं दूध काही दिवस डेअरीला घालायचं नसतं, हे सगळ्यांना ठाऊक — आणि घालतात सगळे. कोणाच्या तरी लेकराच्या पेल्यात जातं ते. पुढे ते लेकरू आजारी पडलं आणि औषध लागूच पडलं नाही, तर जाब कोणाला विचारायचा? आम्हाला शिकवायला येणाऱ्या डॉक्टरीणबाई यावर तळतळून बोलायच्या. मलाही संताप यायचा. अजून येतो. पण संतापायचं तोंड मला आहे का?

चार वर्षांपूर्वी माझ्या हरणीला दगडी झाली. मी लेप सुरू केला. बाईंनी बजावलं होतं — नेटाने पाच दिवस करा, पण गाईला ताप आला किंवा सूज वाढली तर डॉक्टरला बोलवा, त्यात कमीपणा नाही. किती सरळ सांगितलं होतं. हरणीला दुसऱ्या दिवशी ताप आला. मंगल तेव्हा माहेरी होती. मी इंदापूरहून डॉक्टर बोलावला, तीन दिवस इंजेक्शनं दिली, वरून लेप चालूच ठेवला. इथवर काहीच चुकलं नव्हतं. पण त्या तिन्ही दिवसांत आजारी सड सोडून बाकीच्या सडांचं दूध मी गुपचूप केंद्रावर घातलं.

चौथ्या दिवशी डॉक्टरीणबाई गोठ्यात आल्या. सूज उतरलेली. त्यांच्यासोबत दूध केंद्रावरचा माणूस उभा. "नुसत्या लेपानंच ना हो?" बाईंनी विचारलं. इंजेक्शन म्हटलं असतं, तर त्या दिवसांचं दूध कुठं गेलं, हा पुढचा प्रश्न होता.

"व्हय, नुसता लेपच," मी म्हणाले.

बाईंचा चेहरा असा उजळला की काय सांगू. त्यांनी फोटो काढला. पुढच्याच महिन्यात मला पहिल्यांदा बोलायला उभं केलं. टाळ्या वाजल्या आणि मला त्या आवडल्या. खोटं का बोलू — फार आवडल्या.

एवढंच असतं तर कदाचित मी ते पचवलंही असतं. पण पुढच्या वर्षी मंगलच्या गाईला दगडी झाली.

तिची एकच गाय. आणि मंगलसारखी धार काढणारी बाई आमच्या वस्तीत नाही. लाथाळ गायसुद्धा तिच्यापुढे निमूट उभी राहायची. ती लग्न होऊन आली तेव्हा सासूबाईंनी धारेचं काम माझ्याकडून काढून तिला दिलं होतं. ते मला लागलं होतं. हेही सांगून टाकते.

दुसऱ्या दिवशी ती माझ्या ओसरीवर आली. गटाच्या चार बायका बसल्या होत्या. "अक्का, गाईला ताप हाय. डॉक्टर बोलवू का?"

मला फक्त म्हणायचं होतं — बोलव, मीही बोलावला होता. काय गेलं असतं माझं?

"हरणीला कुठं बोलावला व्हता? नेट धर," मी म्हणाले.

तिने नेट धरला. सहा दिवस. चुन्याने तिच्या तळहातांची सालं निघाली. सातव्या दिवशी तिच्या नवऱ्याने डॉक्टर आणला, तोवर दोन सड कायमचे गेले होते. गाय विकली.

गटाच्या बैठकीत कोणीतरी विचारलं, अक्काची बरी झाली मग मंगलची का नाही? सगळ्या माझ्याकडे पाहू लागल्या. आणि मी — शिकवताना असतो त्या शांत सुरात — म्हणाले, "सड पुरता पिळला नसंल तिनं. खराब दूध आत ऱ्हायलं की लेप काय करणार?"

मंगलबद्दल मी हे बोलले. मंगलबद्दल.

ती भांडली असती तर मी बरोबरीने भांडले असते. तिने आपल्या हातांकडे पाहिलं. "व्हय, ऱ्हायलं असंल," म्हणाली.

लेप खोटा नाही. वेळेत सुरू केलेल्या लेपाने, एकही सुई न देता बऱ्या झालेल्या गाई मी नंतर डोळ्यांनी पाहिल्या. पण तो कुठवर पुरतो आणि कुठं थांबायचं, ते खरं सांगणारं माणूस लागतं. बाईंनी ते सांगितलं होतं. मी ते गिळून टाकलं, आणि वर शिकवत फिरले.

गेल्या वर्षी मंगलच्या घरी दुसरी गाय आली. मंगल वैरण घालते, शेण काढते. धारेला बसत नाही. नवरा काढतो, त्याला ते नीट जमत नाही. परवा तो परगावी गेला होता, तेव्हा तिने भिंतीपलीकडून हाक मारली. "अक्का, जरा धार काढून देता का? माझ्या हाताचा भरवसा न्हाय."

मी गेले. गाईखाली बसले. मंगल माझ्या बाजूला वाकून उभी राहिली. मी सड कसा धरते, कुठं दाबते, शेवटी किती पिळते, ते ती लक्ष देऊन बघत होती. शिकायला.

मी तिला बघू दिलं.