इरण्णाचा डायनामो

आसामात नदीकाठच्या कॅम्पवर माझं पोस्टिंग झालं, तेव्हा कंपनीत सोलापूर जिल्ह्याचे आम्ही दोघंच होतो. मी भवानी पेठेतला हवालदार आणि नायक इरण्णा अक्कलकोटकडचा. घरी कन्नड, बाहेर मराठी, रागावला तर दोन्ही. पहिल्याच दिवशी त्याने विचारलं, "उस्ताद, शेंगाची चटणी आणली का?" आणली होती. ती त्याने एकट्याने संपवली.

इरण्णाकडे डाकेची सायकल होती. सकाळी हेडक्वार्टरला जायचा, संध्याकाळी रोल कॉलच्या आत परत. त्या सायकलला त्याने वडिलांचा, म्हणजे अप्पांचा, डायनामो बसवला होता. सुट्टीवरून येताना त्यांच्या सायकलचा काढून आणलेला. मागच्या टायरला टेकवला की तो चाकाबरोबर फिरायचा आणि पुढचा दिवा लागायचा. ओल्या टायरवर घसरू नये म्हणून डायनामोच्या फिरत्या टोपीवर जुन्या ट्यूबची चकती चढवायची, ही अप्पांची युक्ती. सगळी कंपनी चेष्टा करायची. मीही काही कमी केली नाही. टॉर्च असताना हे लोढणं कशाला, म्हणायचो.

"सेल मरतोय की, उस्ताद. पाय चालतोय तवर हे मरत न्हाय."

त्या पावसाळ्यात नदी फुगली. ऑर्डर आली, पलीकडच्या वस्तीतली माणसं काढा. दिवसभर बोटीच्या फेऱ्या चालल्या. शेवटच्या फेरीला बोट माझ्या हातात होती. परतताना अंधारून आलं आणि किनाऱ्यावरच्या जनरेटरमध्ये पाणी शिरलं. फ्लडलाइट गेला. टॉर्च भिजून आधीच निकामी झालेले. हेडलाइटसाठी गाडी आणावी, तर ती चिखलात बांधावर चढेना. उतरायच्या जागेच्या जरा खाली पडक्या पुलाचे खांब होते आणि माझ्या बोटीत म्हातारी माणसं, बायका, एक ओली बाळंतीण. जागा चुकली असती तर कोणीच वाचलं नसतं. मी घाबरलो होतो.

"बोट टू किनारा. लाइट द्या. ओव्हर."

वायरलेस सेटवर इरण्णा आला. "देतो, उस्ताद. ओव्हर."

थोड्या वेळाने बांधावर एक पिवळा ठिपका दिसला. त्याने सायकल स्टँडवर घेतली होती आणि वर बसून पायडल मारत होता. दिवा मंद व्हायचा, पुन्हा वाढायचा. मी बोटीचं तोंड त्याच्यावर धरलं. मध्येच सेटवर कंपनी कमांडरांचा आवाज आला.

"इरण्णा, बांध खचतोय. मागे ये."

"बोट लागू दे, साब. ओव्हर."

बोट लागली. बाळंतीण सगळ्यांत शेवटी उतरली. मी ओरडलो, "बास, उतर आता." त्याने पाय थांबवले. दिवा विझला. तो खाली उतरत असतानाच बांधाचा तेवढा तुकडा त्याच्यासकट नदीत गेला.

इरण्णा दुसऱ्या दिवशी सापडला. सायकल पुलाच्या खांबाला अडकली होती. डायनामो जागेवर होता, ट्यूबची चकतीसुद्धा. साहेबांची परवानगी घेऊन मी तो सोडवला आणि इरण्णाबरोबर गावी नेला. अप्पांच्या हातात दिला. ते पाना घेऊन अंगणात गेले आणि जिथून निघाला होता तिथेच, आपल्या सायकलवर, त्यांनी तो परत बसवला. अंत्यसंस्काराला सलामी देताना मला रडू आलं नव्हतं, ते तिथे आलं.

आता मी पेन्शनवर आहे. दर वर्षी त्याच्या पुण्यतिथीला जातो. समाधी त्यांच्या शेतातच आहे. आम्ही बेल वाहतो, थोडा वेळ बसतो आणि दिवेलागणीला घरी निघतो. अप्पांना आता सायकल जमत नाही. मी चालवतो, ते मागे कॅरियरवर बसतात.

यंदा चढावर मला दम लागला. पाय मंदावले तसा दिवाही मिणमिणला. अप्पांनी पाठीवर हात ठेवला.

"पायडल मार की, इरण्णा. दिवा जातोय बघ."

मी सीटवरून उठून जोर लावला. घर येईपर्यंत पाय थांबवले नाहीत.