भिंतीपलीकडची पणजी

आयर्लंडमधल्या डून लेरीत आमच्या शेजारी कॅनडाचे एक लेखक राहायला आले, तेव्हा मी उगाच हरखले होते. इंटरनेटवर त्यांची सगळी कारकीर्द वाचून काढली. पहिली कादंबरी बर्फावर, दुसरी घटस्फोटावर, तिसरी बर्फातल्या घटस्फोटावर; तिला बक्षीस. मग विद्यापीठातली नोकरी सोडून निबंध, आणि तेही फक्त स्वतःवर. आता पणजीचं मूळ गाव शोधायला ते आयर्लंडला आले होते. गाव पार पश्चिमेला, आणि २०२०च्या लॉकडाउनमध्ये घरापासून लांब जायला बंदी. मुळं राहिली तिकडे आणि हे अडकले आमच्या भिंतीपलीकडे.

रोज भिंतीवर कोपर टेकून ते उसासे टाकत. एकदा मला विचारलं, मी त्या बाजूला कधी गेले होते का. गेले होते, पण मला फक्त तिथलं पार्किंग आठवत होतं. त्यांचा चेहरा पडला. मला दया आली, ही माझी जुनी खोड. म्हटलं, आमच्या कोकणातही समुद्र आहे, आणि मावशीबद्दल सांगत सुटले. ती काठी घेऊन सुकत घातलेल्या बोंबलांची राखण करते, मांजरांना शिव्या घालते, आणि होड्या यायला उशीर झाला की दारात उभी राहून समुद्रालाही झापते.

पुढच्या वर्षी जूनमध्ये त्यांचा निबंध छापून आला. लिंक त्यांनीच पाठवली. त्यात त्यांची पणजी दारात उभी राहून समुद्राला झापत होती. काठी तीच, मांजरं तीच, बोंबलांचे तेवढे मॅकरेल झाले होते. हे आपल्याला कुणी सांगितलेलं नाही, रक्तातूनच आठवलं, असंही वर लिहिलं होतं. माझं डोकंच फिरलं.

फोनवर मावशीला सगळं वाचून दाखवलं. मेमधल्या वादळापासून ती ताडपत्रीखाली राहत होती. कौलं घालायला गावात माणूस मिळत नव्हता आणि निर्बंधांमुळे मला जाता येत नव्हतं. त्याची मला लाज वाटत होती. वाटलं, निदान ती माझ्याबरोबर चिडेल तरी.

"मगे तो माझो पणतू झालो," ती म्हणाली. "येवंदे. कौलां उडालीत, ती घालून दी म्हणान सांग तेका."

निरोप मी भिंतीवरून जसाच्या तसा इंग्रजीत पोचवला. त्यांनी छातीवर हात ठेवला.

"ग्रँड," ते म्हणाले. एव्हाना ते इथल्या लोकांसारखं सगळ्यालाच ग्रँड म्हणत. "हे मी वापरलं तर चालेल?"

"कौलं घातल्यावर," मी म्हटलं.