ब्रेकवरचा पाय

ड्रायव्हरसाहेबांचा उजवा पाय काही केल्या स्वस्थ बसेना. जेवताना, पेपर वाचताना, झोपेतसुद्धा तो ब्रेक दाबत असायचा. इतकी वर्षं शहरात बस चालवली, पण कोणाला साधं खरचटलं नव्हतं. मग एका सकाळी सायकलवरची मुलगी अचानक आडवी आली. बस वेळेवर थांबली, मुलगी हसत निघूनही गेली, पण साहेबांच्या जिवाला जो घोर लागला तो लागलाच. स्टिअरिंगसमोर बसलं की हातांना घाम फुटायचा. डेपो मॅनेजरने रजा दिली, पण बजावलं, की सोमवारी गाडी काढली नाही तर तिकीट खिडकीवर कायमचं बसावं लागेल.

घरात साहेबांनी नुसता उच्छाद मांडला. गॅस बंद केला का, कडी लावली का, मुलगा ऑफिसात पोचला का. बायकोला अगदी जीव नकोसा झाला. झाडांत चाललं की डोकं शांत होतं असं तिने कुठेतरी ऐकलं होतं, म्हणून ती रोज सकाळी त्यांना शहरामागच्या टेकडीवर न्यायला लागली.

तिथेही तेच. पायवाटेच्या डाव्या कडेने चालायचं, वळणावर थबकायचं, घडीघडी मागे वळून बायको आहे ना ते बघायचं. मागून हॉर्न कोण देणार आहे, खारी का, असं तिने विचारून पाहिलं. त्यांना हसू आलं नाही. सगळं पालथ्या घड्यावर पाणी, असं तिलाही वाटू लागलं.

रविवारी वारा सुटला होता. वर कुठेतरी सुतारपक्षी खोड ठोकत होता. तो नेमका कुठे आहे हे शोधत शोधत साहेब माथ्यावर पोचले, बसले, पाणी प्यायले. बाटली पुढे करायला वळले, तर बायको नाही. ते उतारावरून धावत सुटले. अर्ध्या वाटेवर ती दगडावर बसून गुडघा चोळत होती.

"दोनदा हाक मारली मी," ती म्हणाली.

साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. "मी मागे बघितलंच नाही गं."

"तेच तर." ती हसली आणि तिने पदराने डोळे पुसले. "बायकोला विसरलात. आता उद्या खुशाल गाडी काढा."

सोमवारी पहिल्या फेरीला, गुडघ्याला पट्टी बांधून, ती पुढच्याच सीटवर येऊन बसली. साहेबांच्या हातांना घाम आलेलाच होता. त्यांनी आरशात पाहिलं. ती त्यांच्याकडे बघतसुद्धा नव्हती, खिडकीबाहेरची झाडं बघत होती. त्यांनी ब्रेकवरचा पाय उचलला.