ओइवाचं सोनं आणि हिल्काची किटली

ओइवा पोक्का बोलत नाही असं म्हणणं त्याच्यावर अन्याय आहे. तो बोलतो. रस्त्यात रेनडिअर आडवं आलं तर बोलतो, नदीचं पाणी चढलं तर बोलतो, आणि ज्या मेकॅनिकने त्याच्या बर्फ काढायच्या गाडीचं पातं उलटं बसवलं होतं त्याच्याशी तर तो लागोपाठ दोन वाक्यं बोलला. उत्तरेकडच्या आमच्या इवालो गावात त्याचा उल्लेख अजून होतो.

हिवाळाभर तो महामार्गावरचा बर्फ काढतो. बर्फ वितळला की गाडी रस्ते खात्याच्या ताब्यात देतो, नदीच्या वरच्या अंगाला आईच्या वेळची एक झोपडी आहे तिथे जातो आणि थंडी पडेपर्यंत वाळू धुतो. आमच्या नदीत सोनं आहे. कुणाचं भलं व्हावं इतकं नाही, पण वेड लागायला पुरतं. दक्षिणेकडची शिकलेली माणसं दर उन्हाळ्यात येऊन ते वेड लावून घेतात आणि डास चावले की बरी होतात. ओइवाला वेड नव्हतं. मिळेल तो कण तो औषधाच्या छोट्या बाटलीत टाकायचा आणि बाटली विकायला कधीच आणायचा नाही. गावात तर्क चालत. कुणी म्हणे दात बसवणार, कुणी म्हणे स्नोमोबाइल घेणार. या गावात सोनाराचं दुकान माझं एकटीचं, म्हणून मला विचारलं जायचं. मला काही माहीत नसल्यामुळे मी नुसती हसायचे. धंद्याला ते बरं असतं.

मग एका उन्हाळ्याच्या शेवटी तो दुकानात आला. बाटली काउंटरवर ठेवली आणि तिच्या शेजारी भांडी घासायचा एक पिवळा रबरी हातमोजा.

"अंगठी," तो म्हणाला.

"कुणासाठी?"

त्याने हातमोज्याकडे बोट दाखवलं.

"ओइवा, हा हातमोजा आहे."

"हिल्काचा."

"अरे बाबा, रबरी हातमोज्यावरून बोटाचं माप कसं घेऊ? यात माझे दोन्ही हात मावतील. आणि हा उजवा आहे. साखरपुड्याची अंगठी डाव्या हातात घालतात."

त्याने जरा विचार केला. "डावा ओला होता," तो म्हणाला.

हिल्का म्हणजे पेट्रोल पंपाजवळच्या कॅफेतली हिल्का. सॅमन माशाचं सूप, पुल्ला म्हणजे दालचिनीचा गोड पाव, आणि वर फुकटात टोमणे. ट्रक ड्रायव्हर तिन्हींसाठी थांबत. तिचा नवरा तरुणपणी स्वीडनला मोटारींच्या कारखान्यात कामाला गेला आणि तिथल्या कामात असा रमला की परत यायचं राहून गेलं. त्यानंतर हिल्काने कॅफे आणि मागचं छोटं घर एकटीने सांभाळलं. आता पंपाच्या मालकांनी कॅफेच्या जागी कॉफीचं यंत्र बसवायचं ठरवलं होतं. तिच्या बहिणीने दूर ओउलू शहरात तिच्यासाठी खोलीही रंगवून ठेवली होती. पहिला बर्फ पडायच्या आत हिल्का जाणार, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं.

"तिला विचारलंस का?" मी म्हणाले.

"नाही."

"मग कधी विचारणार?"

"अंगठी झाली की. हातात काही नसताना काय विचारायचं?"

आमच्याकडे दोघं मिळून दुकानात येतात, दोन सारख्या साध्या अंगठ्या घेतात आणि दोघंही घालतात. म्हणजे विचारायचं काम आधी, सोनाराचं नंतर. ओइवाने हा क्रम फिरवला होता आणि त्यासाठी कितीतरी उन्हाळे गार पाण्यात उभं राहून काढले होते. सगळ्या गावाला वाटत होतं की ओइवाचा जीव तिच्यावर आहे हे हिल्काला कुणीतरी सांगितलंच असेल. ते कुणीतरी कोण, हे कुणी विचारलं नाही. आम्ही दुसऱ्याच्या भानगडीत पडत नाही. त्यामुळे आमच्या बऱ्याच भानगडी तशाच पडून राहतात.

मी सोनं तराजूत घातलं. एका अंगठीपुरतं होतं, आणि रंगाला सुरेख. "पण मऊ आहे," मी म्हणाले. "ती दिवसभर पातेल्यांशी झगडते. नुसत्या नदीच्या सोन्याची केली तर नाताळपर्यंत अंगठी चेपून तिचं अंडं होईल. थोडं तांबं घालावं लागेल." मी माझ्याकडच्या तांब्याचे दाणे त्याच्यापुढे ठेवले.

आयत्या पाकिटातल्या माशाच्या सुपाकडे बघावं तसं त्याने त्यांच्याकडे पाहिलं. "कुठलं?"

"जर्मनीहून येतं."

"जर्मनी," तो म्हणाला आणि जर्मनीचा विषय तिथे संपला. "तांबं आहे माझ्याकडे."

"असेल तर आण. पण स्वच्छ असलं पाहिजे, आणि वितळवायचं मीच. कळलं?"

तो बाटली घेऊन गेला. त्याने फक्त पहिलं वाक्य ऐकलं होतं.

त्याच्याकडचं तांबं म्हणजे कॉफीची किटली. ती मुळात हिल्काची. तोटी गळायला लागली तेव्हा तिने ती ओइवाच्या हातात कोंबली होती: "ने नदीवर. तिथे गळली तर कुणाचा टेबलक्लॉथ खराब होत नाही." तेव्हापासून किटली उन्हाळाभर नदीवर जाळावर काळी व्हायची. थंडी सुरू झाली की ओइवा ती कॅफेत आणून ठेवायचा, हिल्का शिव्या देत घासून लख्ख करायची आणि वसंतात परत द्यायची. दोघांमधला पत्रव्यवहार म्हणता येईल असा एवढाच होता. आपल्या सोन्यात परदेशी काही नको, हिल्काचंच काहीतरी असावं, हा त्याचा विचार मला नंतर कळला. विचार चांगलाच होता. फक्त त्याने तो एकट्याने पार पाडला.

आमच्याकडचा पुरुष बुडत असला तरी हाक मारायच्या आधी आपल्याला पोहता येतं का ते बघतो. रविवारी सकाळी ओइवाने सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, पायरीवर बसून किटलीची तोटी कापली, ती सोन्याबरोबर मुशीत घातली आणि गॅसच्या ज्योतीवर सगळं वितळवलं. लगड ओतली. ती घराच्या मागच्या रेल्वेरुळाच्या तुकड्यावर ठेवून हातोडी मारली. दुसऱ्या फटक्याला लगडीचे तुकडे झाले.

सोमवारी त्याने खोकल्याच्या गोळ्यांची डबी माझ्यापुढे उघडली. आत राखाडी पिवळट चुरा होता, राय धान्याच्या कडक पावाचा असतो तसा.

"हे काय आहे?"

"अंगठी."

मी भिंगातून बघितलं. "तोटी घातलीस?"

"गळत होती."

"गळत होती म्हणून तर कुणीतरी तिला कधीकाळी डाख लावला असणार! वर आतून कल्हई. कथील आणि शिसं सोन्यात गेलं की सोनं कडक पावासारखं ठिसूळ होतं. अरे, माझ्याकडे का नाही आलास?"

"रविवार होता."

मग तो गिऱ्हाइकांच्या खुर्चीवर बसला. इतक्या वर्षांत तो माझ्या दुकानात कधी बसला नव्हता. डबीकडे बघत त्याने विचारलं, "गेलं?"

"सोनं कुठे जात नाही, ओइवा. तेजाबात घालून शुद्ध करीन. पण दोन दिवसांत होण्यासारखं नाही. ती जाईपर्यंत होईल असं मी सांगणार नाही."

त्याने मान हलवली. मग म्हणाला, "किटली द्यायची आहे तिला."

"मग दे."

"तोटी नाही."

"का नाही, ते सांग."

त्याने माझ्याकडे असं बघितलं की मी जणू त्याला चर्चमध्ये नाचायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी कॅफेत सूप प्यायला गेले. एरवी मी मंगळवारी घरी जेवते, पण त्या दिवशी घरी काही रांधलं नव्हतं, कारण मी कॅफेत जाणार होते. ओइवा आला, टोपी काढली आणि काउंटरवर किटली ठेवली.

हिल्काने कमरेवर हात ठेवले. "हे काय?"

"किटली."

"ते दिसतंय मला. तोटी कुठाय?"

"वितळवली."

"वितळवली?" आत बसलेल्या तीन ट्रक ड्रायव्हरांचे चमचे थांबले. "दर हिवाळ्यात मी मेली खांदा निखळेपर्यंत घासते, आणि हा माणूस तोटी वितळवतो! कशाला, अं? गोळ्या पाडल्यास काय अस्वलाला मारायला?"

"अंगठीला."

"कुणाच्या अंगठीला?"

ओइवाने खिशात हात घातला आणि पिवळा हातमोजा काढून किटलीशेजारी ठेवला.

"माझा हातमोजा! अगं बाई, आणि मी एकाच हाताने भांडी घासतेय इतके दिवस! चोरसुद्धा दोन नेतो रे!"

"तुझ्या," ओइवा म्हणाला.

"माझाच आहे, मला माहितीये."

"अंगठी. तुझ्यासाठी."

हिल्का गप्प झाली. गावात हे पूर्वी कुणी बघितलं नव्हतं. एका ड्रायव्हरने चमचा हळूच बशीत ठेवला, आवाज होऊ नये म्हणून.

"मग," ती शेवटी म्हणाली, "अंगठी कुठाय?"

"फुटली."

"म्हणजे हातमोजा चोरलास, किटली कापलीस, अंगठी फोडलीस, आणि हे सांगायला आलास."

"हो."

"आणखी काही?"

ओइवाने टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. पुढे पडणारा एकेक शब्द त्याने वाळूसारखा धुऊन घेतला असावा. "ओउलूला जाऊ नकोस," तो म्हणाला.

हिल्काने वाडग्यात सूप वाढलं, बडीशेप भुरभुरली आणि ते त्याच्यापुढे सरकवलं. "पी आधी. निवतंय." आणि ती स्वयंपाकघरात गेली. आत बराच वेळ नळ चालू होता.

बुधवारी दोघं माझ्या दुकानात आली. किटली हिल्काच्या काखेत होती. ओइवाचा चेहरा निकालाची वाट बघणाऱ्या माणसाचा होता, म्हणजे त्याला अजून काही सांगितलेलं नव्हतं.

"मार्युत," हिल्का मला म्हणाली, "मी अजून कशालाच हो म्हटलेलं नाही. नुसतं बघायला आलेय. अंगठी किती?"

"एक," ओइवा म्हणाला. "सोनं एकीपुरतंच आहे."

"आणि मी एकटीने साखरपुडा करून घ्यायचा? तसा एक होऊन गेला माझा. मी इथे अंगठी घालून बसले होते आणि तो तिकडे स्वीडनमध्ये मोकळ्या बोटाने हिंडत होता. दोन होतील तर बोल."

"दोन म्हणजे तारेसारख्या बारीक होतील," मी म्हणाले. "मग तांबं जास्तच लागेल." सवयीने माझा हात जर्मन दाण्यांकडे गेला. दोघांनी एकदम त्यांच्याकडे बघितलं, आणि बघणं अगदी सारखं होतं. मी डबा बंद केला.

"किटलीत चांगलं तांबं कुठे आहे?" हिल्काने विचारलं.

"मुठीत," मी म्हणाले. "ती भरीव आहे. तिला कल्हई नाही, डाख नाही, नुसत्या खिळ्यांनी बसवलीय."

"मूठ काढ मग."

"नको," ओइवा म्हणाला. आम्ही दोघी वळलो. "मूठ नाही, तोटी नाही. कॉफी ओतायची कशी?"

"पळीने," हिल्का म्हणाली.

तिचं अजून संपलं नव्हतं. "आणि राहायचं कुठे? नदीवरच्या तुझ्या त्या झोपडीत मी हिवाळा काढणार नाही, आधीच सांगते. माझ्या घरात राहायचं म्हटलं तर कॅफे बंद झाल्यावर अंगणातला बर्फ काढायला नगरपालिका येते थोडीच!"

"नगरपालिका?" मी म्हणाले. "ती कधी आली होती?"

"वा! रोज यायची. मी उठायच्या आत सगळं अंगण साफ, दारापर्यंत. एवढा कर भरते मी, त्यातून एक काम तरी..."

ती थांबली. मी ओइवाकडे बघितलं नाही. ओइवा माझ्या तराजूकडे बघत होता. त्यात काहीही नव्हतं.

"महामार्गाच्या आधी?" हिल्काने हळू आवाजात विचारलं.

"वाटेत होतं," ओइवा म्हणाला.

वाटेत नव्हतं. त्याची गाडी गावाच्या दुसऱ्या टोकाला उभी असते.

हिल्काने किटली खाली ठेवली. डावा हात एप्रनला पुसला, एप्रन घातलेलं नसल्यामुळे तो कोटालाच पुसला गेला, आणि तिने तो काउंटरवर माझ्यापुढे पसरला. "घे माप," ती म्हणाली. "ढिली करू नकोस. पडली तर याच्याबरोबर पुन्हा नदीत शोधायला मला वेळ नाही."

सोनं शुद्ध व्हायला वेळ लागलाच. तोवर पहिला बर्फ पडला, कॅफेत यंत्र आलं आणि ओउलूच्या त्या खोलीत हिल्काच्या बहिणीने शिवणयंत्र ठेवलं. मुठीच्या तांब्याने अंगठ्यांना जराशी लाली आली, शरदात टेकडीवरच्या खुरट्या बर्चच्या पानांवर येते तशी. आतून मी आमच्या रिवाजाप्रमाणे एकमेकांची नावं कोरली. तारीख कुठली घालायची विचारलं तेव्हा हिल्का म्हणाली, "सुपाची."

त्या हिवाळ्यात ओइवाचा मुक्काम हिल्काच्या घरी होता. तरीही तो अंधारात उठून गावाच्या दुसऱ्या टोकाला चालत जायचा, गाडी घेऊन परत यायचा आणि आधी तेच अंगण साफ करायचा. खात्याच्या कुणीतरी टोकलं, तेव्हा तो म्हणाला की वाटेत आहे.

वसंतात तो नदीवर जायला निघाला. वाटेत दुकानात डोकावला. हातात तीच औषधाची बाटली होती, रिकामी.

"आता कशाला रे?" मी विचारलं.

"तोटीला."

मला समजायला थोडा वेळ लागला. "किटलीला? सोन्याची तोटी?"

"सोन्याला कल्हई लागत नाही," ओइवा म्हणाला.

"अरे, पण अंगठीपुरतं जमवायला तुझे किती उन्हाळे गेले! तोटीपुरतं कधी जमणार?"

बाहेर हिल्का दोन पाठपिशव्या घेऊन उभी होती. एकीतून पळीचा दांडा वर आला होता. आत यायला तयार नव्हती, काचेवर बोटं वाजवून त्याला बोलावत होती, आणि दर टकटकीला अंगठी काचेवर किणकिणत होती.

ओइवाने तिच्याकडे बघितलं आणि बाटली खिशात ठेवली.

"घाई नाही," तो म्हणाला.